संधिप्रकाशाची निळाई आणि छायाचित्रकार

सूर्य मावळला कीं छायाचित्रणाचा दिवस संपला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. समुद्रकांठीं जमलेले हौशी छायाचित्रकार लाल बिंब पाण्यांत बुडतांच कॅमेरा पेटींत ठेवून घरची वाट धरतात. वस्तुतः आकाशाची सर्वांत गहिरी निळाई त्यानंतरच अवतरते.

ही निळाई येते कोठून? हवेचे सूक्ष्म रेणू निळे किरण अधिक विखुरतात, हें दिवसाच्या आकाशाचें कारण पुढें लॉर्ड रॅले या नांवानें प्रसिद्धीस आलेल्या इंग्रज शास्त्रज्ञानें १८७१ सालीं सांगितलें. संध्याकाळीं मात्र तेवढें कारण पुरें पडत नाहीं. केवळ त्यावर विसंबलें, तर माथ्यावरचें आकाश पिवळट दिसावयास हवें. १९५३ सालीं एडवर्ड हल्बर्ट या अमेरिकन शास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं, तिरप्या किरणांना ओझोनच्या थरांतून लांबचा प्रवास करावा लागतो, आणि ओझोन त्यांतील पिवळा, नारिंगी व तांबडा अंश शोषून घेतो. उरतो तो निळा.

सूर्य क्षितिजाखालीं सहा अंश जाईपर्यंतच्या अवधीस नागरी संधिप्रकाश म्हणतात. जूनमध्यें लंडनला तो पाऊण तासाहून अधिक टिकतो; मुंबईस सुमारें २४ मिनिटेंच. तेवढ्यांत जमिनीवरील उजेड जवळजवळ शंभरपट घटतो, परंतु रस्त्यावरच्या दिव्यांचें तेज आहे तेवढेंच राहतें. आकाश आणि दिवे एकमेकांस तोलून धरतील अशी वेळ म्हणूनच फार थोडी, बहुधा शेवटच्या आठदहा मिनिटांची. तिच्यापूर्वीं दिवे फिके वाटतात, नंतर आकाश काळें पडतें.

दिशेचाही विचार हवा. मलबार टेकडीवरून मरीन ड्राइव्हची वक्ररेषा टिपणाराच्या समोर पूर्वेकडचें आकाश असतें. तें लवकर काळवंडतें. उलट, मरीन ड्राइव्हवरून टेकडीकडे कॅमेरा रोखणारास मावळतीचा उजेड आणखी कांहीं मिनिटें साथ देतो. कॅमेरा तिवईवर घट्ट बसवावा, कारण शटर एक ते आठ सेकंद उघडें ठेवावें लागतें.

२०१५ सालीं याच रस्त्यावरचे पिवळे सोडियम दिवे जाऊन पांढरे एलईडी आले, तेव्हां अनेक मुंबईकरांनीं नाराजी दर्शविली. ती केवळ जुन्याची ओढ नव्हती. संध्याकाळच्या निळ्या रंगास उठाव येतो तो पिवळ्याच्या शेजारामुळें. आपोआप रंग सुधारणारा कॅमेराही हाच भेद कमी करूं पाहतो. म्हणून त्याचें रंगसंतुलन दिवसाच्या उजेडासाठीं असलेल्या खुणेवर स्थिर ठेवणें इष्ट. संगणकावर मागाहून निळा रंग चढवितां येतो, चित्र देखणेंही होतें. पण तें त्या संध्याकाळची साक्ष देत नाहीं.

तेव्हां पंचांगांत सूर्यास्ताची वेळ पाहून छायाचित्रकारानें अर्धा तास आधीं जागा धरावी, आणि बिंब बुडाल्यावर घाई न करितां तेथेंच थांबावें.