सहधर्मचारिणी लक्ष्मीबाई

पतीमागून पत्नीने धर्म बदलला म्हणजे ती त्याच्यामागे केवळ ओढली गेली, असे आपण सहज समजून चालतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या बाबतीत हा समज टिकत नाही.

त्यांचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरी सोवळे इतके कडक की, बाजारचे धान्यही धुतल्यावाचून घरात येत नसे. लग्न बालवयातच झाले. शाळा नाही, अक्षरओळख पतीकडून. १८९५ च्या फेब्रुवारीत नारायण वामन टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लहानग्या दत्तूला घेऊन त्या आप्तांकडेच राहिल्या. पुढे पतीजवळ नगरास आल्या, त्याही आपली चूल निराळी राखून! जातिभेद हा माणसांनीच निर्माण केला, हे मनाला पटले तेव्हा त्यांनी आधी सोवळे टाकले. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. एरवी उतावळ्या असलेल्या टिळकांनी येथे मात्र धीर धरला, हे त्यांच्या खाती जमा धरावयास हवे.

१९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ दहा-अकरा अध्यायांवरच थांबले होते. लक्ष्मीबाईंनी आणखी ६४ अध्याय रचून ते पुरे केले. १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ भागाभागाने निघू लागली. त्यांत पतीची थट्टा आहे, स्वतःची त्याहून अधिक आहे. कडवटपणा मात्र शोधूनही सापडत नाही. १९३६ साली त्या निवर्तल्या. पुढे नातू अशोक टिळक यांनी आजीच्या या आठवणींची संपूर्ण आवृत्ती साक्षेपाने संपादिली.