वाडवडिलांची प्रवासी पेटी

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, शिष्यवृत्त्या, वधूवर-सूचन अशा भारदस्त विषयांचे विवेचन झाले आहे. त्यांच्या पंक्तीस मी एक जुनी पत्र्याची पेटी आणून बसवीत आहे, याबद्दल कोणी हसल्यास माझी तक्रार नाही. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्यापैकी कित्येकांची गावाकडील घरे विकली गेली अथवा नव्याने बांधली गेली, आणि माळ्यावरून जे सामान खाली उतरले त्यात पहिला बळी पेटीचा पडला. पत्र्याची असेल तर ती भंगारात वजनावर गेली. सागवानी असेल तर जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने नेली. आणि या दोहोंतून वाचली ती रंगाऱ्याच्या हाती सापडली. या तिन्ही संकटांत तिसरे मला अधिक भयंकर वाटते, कारण ते प्रेमापोटी ओढवते.

कोकण रेल्वे १९९८ साली पूर्णपणे सुरू झाली. तत्पूर्वी, एस.टी.चे जाळे पसरण्याच्याही आधी, आपल्या भागातील मनुष्य मुंबईस जाई तो आगबोटीने. पुष्कळ बंदरांत बोट धक्क्यास लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावातून तिच्यापर्यंत जात. पावसाळ्यात तीही बंद. सारख्याच पेट्यांच्या ढिगाऱ्यातून आपली ओळखता यावी म्हणून झाकणावर पांढऱ्या रंगाने नाव, गाव आणि बंदर घालीत. पुढे गिरणगावातील एकेका खोलीत दहा-वीस गडी पाळ्यांप्रमाणे निजत. तेथे भिंतीवरची खुंटीदेखील सामाईक असे. स्वतःची म्हणावी अशी जागा एकच, ती पेटीच्या आत. आणि तिची किल्ली करगोट्याला. घरची पत्रे, मनीऑर्डरीच्या पावत्या, शाळेचा दाखला, जमिनीचे कागद हे सारे त्याच दोन-अडीच हात जागेत राही.

आमच्या आप्तांपैकी एका घरची गोष्ट सांगतो. आजोबा अकाली निवर्तले, आजीने मुले मुंबईतच वाढविली आणि गावाचा संबंध तुटला. पुढे घरात लग्न निघाले, तेव्हा पेटी नीटनेटकी दिसावी म्हणून ती खरवडून तिला हिरवा रंग दिला. आज नातू साठीला आले आहेत आणि कुलदैवताचा व मूळ घराचा शोध घेत आहेत. गावाचे नाव त्यांस ऐकून ठाऊक आहे. परंतु त्या नावाची गावे एकाहून अधिक तालुक्यांत आहेत. बंदर कोणते एवढे कळते तरी प्रश्न मिटता. ते झाकणावर लिहिलेले होते.

म्हणून माझे पहिले सांगणे हे की झाकणावरील अक्षरांस हात लावू नये. रंगाचे पापुद्रे सुटत असतील तर आधी स्वच्छ उजेडात छायाचित्र घ्यावे. धूळ मऊ, कोरड्या कुंचल्याने झाडावी. ओले फडके नको, रॉकेल तर नकोच. गंजावर नवा रंग चढविल्याने गंज थांबत नाही; तो रंगाखाली वाढत राहतो व पुढे रंगासकट पत्रा सोडवितो. जेथे अक्षरे नाहीत तेथे गंज हलकेच झाडून मेणाचा पातळ हात द्यावा. पेटी जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीस टेकवून न ठेवता लाकडी ठोकळ्यांवर, हवा खेळेल अशी ठेवावी. कातडी पेटीस खोबरेल चोळण्याची आपल्याकडे फार हौस. ते तेल खवट होते, कातडे काळवंडते आणि बुरशीस आमंत्रण मिळते. लाकडी पेटीखाली पिठासारखा ताजा भुसा पडू लागला तर कीड जिवंत आहे असे समजावे व जाणत्याकडून उपाय करून घ्यावा. कुलूप अडल्यास तेल न घालता पेन्सिलीच्या शिशाची पूड घालावी. आम्हां शिक्षकांपाशी ती विपुल असे. आत वर्तमानपत्र अंथरू नये. त्या कागदातील आम्लाने शेजारची पत्रे पिवळी पडतात. धुतलेले मऊ सुती कापड उत्तम.

अशा किरकोळ वस्तूंचे कौतुक कशाला, असे कोणी म्हणेल. त्याने पुण्यास जाऊन दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनी आपल्या दिवंगत पुत्राच्या नावे उभारलेले संग्रहालय पाहावे. दिवे, अडकित्ते, पेट्या अशी घरगुती सामग्री त्यांनी दारोदार हिंडून जमविली, आणि तो संग्रह शासनाच्या स्वाधीन केला.

आता वाटणीचा नाजूक प्रश्न. पेटी एक आणि भाऊ तीन, असे बहुतेक ठिकाणी असते. (भाऊ म्हणताना बहिणींस विसरू नये, वडिलार्जित मालमत्तेच्या बाबतीत २००५ च्या दुरुस्तीपासून कायद्यासही ते मान्य नाही.) ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे न जाता, ज्याचे घर कोरडे आणि ज्याच्या घरी माणसे असतात त्याच्याकडे ती राहावी, इतरांनी झाकणाचे छायाचित्र व आतील कागदांची यादी घ्यावी. परदेशी असलेल्या चिरंजीवांस ती पाठवावयाची झाल्यास आधी पुरातत्त्व खात्यास विचारावे. १९७२ च्या कायद्यान्वये शंभर वर्षांहून जुनी, कलात्मक वा ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खाजगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाही. आपली पेटी त्या व्याख्येत येते की नाही, हे ठरविण्याचा अधिकार आपला नव्हे.

पेटी कोणी, कोठे, कोणत्या कामासाठी घेतली, तिच्याबरोबर कोण कोण मुंबईस आले, हे घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीस विचारून एका जाड कागदावर लिहून आत ठेवावे. पेन्सिलीने लिहावे, दमट हवेत शाई फुटते. आणि ज्यांच्या झाकणावरील अक्षरे अद्याप वाचता येतात, त्यांनी त्यांची नक्कल मंडळाकडे अवश्य पाठवावी. मघाशी सांगितलेल्या गृहस्थांच्या आजोबांबरोबर लालबागेच्या खोलीत राहणारे सोबती त्यांच्याच गावचे होते, असे आजी सांगत असे. त्यांपैकी कोणाची तरी पेटी या सभेतील एखाद्या माळ्यावर असू शकेल.