'क्रेडिट' झाले, म्हणजे नेमके काय झाले?

(पहाडगंज, दिल्ली येथे मराठी बचतदारांसमोर केलेले भाषण)



मेन बाजारातून इकडे येताना एका दुकानात जुनी ओळखीची पाटी दिसली, 'आज नगद, कल उधार'. म्हणजे क्रेडिट मिळणार नाही. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. पेन्शन खात्यात 'क्रेडिट' झाल्याचा संदेश! दुकानातले क्रेडिट म्हणजे उधारी, खात्यातले क्रेडिट म्हणजे जमा. शब्द एकच, आणि अर्थ मात्र उलटे वाटतात.

पण ते उलटे नाहीत. हा शब्द लॅटिनमधल्या 'विश्वास ठेवणे' या अर्थाच्या शब्दातून आला. आपल्याकडे त्याला 'पत' म्हणतात. दुकानदार विश्वासावर माल देतो, तसे आपण विश्वासावर बँकेला पैसे देतो. तिथे बँक आपली देणेकरी असते. पासबुक हा बँकेच्या वहीतला उतारा, म्हणून आपली ठेव तिथे 'क्रेडिट' बाजूला दिसते. मराठीत जमा आणि नावे. दिल्लीच्या फॉर्मवर 'नावे'चे 'नामे' होते, एवढाच फरक.

आता क्रेडिट कार्ड. इथे विश्वास बँक आपल्यावर ठेवते, म्हणजे देणेकरी आपण. कार्डावर 50,000 ची मर्यादा आहे याचा अर्थ आपल्याजवळ 50,000 आहेत असा नाही, तेवढे कर्ज काढता येईल असा आहे. समजा बिल 20,000 आले आणि आपण 'किमान रक्कम' म्हणून 1,000 भरले. दंड टळला, व्याज टळले नाही. महिना साडेतीन टक्के दर अनेक कार्डांवर असतो. उरलेल्या 19,000 वर महिन्याला 665 रुपये व्याज, त्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा. शिवाय नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज. वर्षाचा दर 42 टक्के पडतो. गावाकडचा सावकारसुद्धा हा आकडा म्हणताना जरा खाली बघेल.

'क्रेडिट स्कोअर' थोडक्यात सांगतो. 300 ते 900 मधला हा आकडा आपण कर्ज कसे फेडतो ते सांगतो, किती शिल्लक टाकली ते नाही. ज्याने कधी कर्जच घेतले नाही, त्याचा बहुधा स्कोअरच नसतो. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. सिबिलसारख्या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो मागवा आणि आपण न घेतलेले कर्ज त्यात नाही ना, हे पाहा.

आता खरी काळजीची गोष्ट. घरून फराळ करून देणाऱ्या एक काकू मला भेटल्या. त्यांना '8,000 क्रेडिट झाले' असा संदेश आला. पाठोपाठ फोन: "आंटी, गलती से चले गए, लौटा दीजिए." काकू सरळ माणूस, लगेच परत पाठवले. संध्याकाळी पाहतात तर खात्यात आलेच नव्हते काही. संदेश बँकेचा नव्हता, साध्या मोबाइल नंबरावरून आला होता.

तेव्हा संदेशावर जाऊ नका, खात्यातली शिल्लक पाहा. पैसे खरेच चुकून आले असतील तर बँकेला कळवा, परत पाठवायचे ते बँक पाहील. आणि पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर त्याच घटकेला 1930 वर फोन करा.

निघताना काकूंनीच विचारले, "गावच्या पतसंस्थेत माझी ठेव आहे. तीही क्रेडिट सोसायटीच ना? मग पाच लाखांचा विमा तिलाही असेल?"

नाही. तो विमा बँकांतल्या ठेवींना आहे, सहकारी बँकाही त्यात आल्या. 4 फेब्रुवारी 2020 पासून मर्यादा पाच लाख, एका बँकेतल्या सगळ्या शाखा मिळून, मुद्दल आणि व्याज धरून. पतसंस्था त्यात येत नाही. काकूंना म्हटले, पावती काढा आणि वर संस्थेचे नाव काय छापले आहे, 'सहकारी बँक' की 'पतसंस्था', ते आधी वाचा.