गुलाब या नावाची गोष्ट



आज आपण एकच शब्द घेऊ: गुलाब. उल्हासनगरच्या बाजारातून आपण गुलाब आणतो, देवाला वाहतो, बायका केसांत माळतात. पण या नावाचा अर्थ काय? शब्दाची फोड करून पाहू.

गुल आणि आब, असे हे दोन तुकडे. दोन्ही फारसी भाषेतले. गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. म्हणजे गुलाब हे मुळात फुलाचे नाव नव्हेच. ते फुलाच्या पाण्याचे नाव! पाकळ्या पाण्यात उकळायच्या, त्यांची वाफ थंड करायची, की सुवासिक पाणी मिळते. इराणात आजही त्या पाण्यालाच हे नाव आहे. आपल्याकडे ते फुलाला चिकटले. मग पाण्याला काय म्हणायचे? गुलाबपाणी! म्हणजे पाण्याला आपण दोनदा पाणी म्हणतो, बरं का.

हा आब तुमच्या ओळखीचा आहे. पंजाब म्हणजे पाच नद्यांचा मुलूख. आबचा दुसरा अर्थ तेज. मोत्याचे पाणी म्हणतो ना, तसेच. म्हणून तर माणसाने आपला आब राखावा, असे म्हणतात.

आता गुलकंद घ्या. यातला कंद रताळ्यासारखा नव्हे. फारसीत कंद म्हणजे साखर. आपल्याच संस्कृतातला 'खंड' शब्द तिकडे गेला, त्याचा कंद झाला, आणि गुलाबाच्या पाकळ्यांत मुरून घरी परत आला!

काही जण आम्हांला विचारतात, "गुरुजी, मग हे शब्द परकेच की?" आम्ही त्यांना उल्हासनगर दाखवतो. १९४७ साली फाळणी झाली. सिंधमधले घरदार सोडून हजारो माणसे कल्याणजवळच्या लष्करी छावणीत राहायला आली. निर्वासित म्हणून त्यांना लोक ओळखू लागले. १९४९ साली त्या वस्तीला उल्हास नदीवरून नाव मिळाले. बदलापूरजवळून वाहते तीच ही नदी. सिंधीतही फुलाला गुलच म्हणतात. तेव्हा बदलापूरच्या बाईने सिंधी शेजारणीकडे गुलाब मागितला, तर मध्ये दुभाषा लागत नाही. बाहेरून आलेला शब्द आपण आपला मानला. मग बाहेरून आलेल्या माणसाला परका कसे म्हणायचे?

आता घरी जाऊन एवढे करा. गुलदस्ता आणि गुलमोहर हे शब्द वहीत लिहा. त्यांतला गुल शोधून त्याखाली रेघ मारा. उद्याच्या वर्गात वाचून दाखवा.