अभियंता ते आमदार: मधला रस्ता



आपल्या बॅचच्या ग्रुपवर वर्षभर एक टुमणं सुरू आहे: 'सॉफ्टवेअर पुरे झालं, सडक अर्जुनीला ये आणि निवडणूक लढव.' थट्टा म्हणून सोडून दिलं असतं, पण काही जण खरंच विचारतात. म्हणून आज त्यावरच बोलतो.

महाराष्ट्रात या वाटेने गेलेलं ठळक नाव पृथ्वीराज चव्हाणांचं. पिलानीला यांत्रिकी अभियांत्रिकी, बर्कलेला पदव्युत्तर शिक्षण, अमेरिकेत विमानांच्या उपकरणांचं काम, मग परत येऊन स्वतःचा उद्योग. १९९१ साली कराडमधून लोकसभेत, १९९९ मध्ये तिथेच पराभव, २०१० मध्ये मुख्यमंत्री. गोव्यात मनोहर पर्रीकर: १९७८ साली मुंबई आयआयटीतून धातुशास्त्राचे अभियंता, १९९४ ला पणजीचे आमदार, २००० ला मुख्यमंत्री.

ऐकायला सरळ वाटतं. पण चव्हाणांचे वडील दाजीसाहेब आणि आई प्रेमलाकाकी दोघेही कराडचे खासदार होते. पर्रीकर आमदार होण्याआधी कित्येक वर्षं म्हापशात संघाचं काम करत होते. नुसत्या पदवीवर मतं मिळाली असती तर निम्मी विधानसभा हिंजवडीतूनच भरली असती! माझ्यामागे ना घराणं, ना संघटना. बाबांची दीड एकर धानाची बांधी, एवढंच.

तरी तंत्रज्ञाने विधिमंडळात जावं असं मला वाटतं, ते या धानामुळेच. आधारभूत किमतीने धान विकायचा तर सातबारा, आधार, पासबुक घेऊन आधी ऑनलाइन नोंदणी. सर्व्हर अडला की रांग अडते. सर्व्हर सुधारणं आमच्यासारख्यांच्या हातचं आहे. पण नोंदणीची मुदत किती, हेक्टरी किती धान घ्यायचा, चुकारे कधी द्यायचे, हे प्रोग्रॅमर ठरवत नाही. ते काही दिल्लीत ठरतं, काही मुंबईत. तिथे नेमका प्रश्न विचारायला यंत्रणा आतून माहीत असलेला माणूस हवा.

आपली अर्जुनी मोरगावची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे, म्हणजे मला तिथे उभंच राहता येत नाही. आपल्यातल्या ज्यांना येतं त्यांनी मनावर घ्यावं. प्रचाराचा हिशेब मी सांभाळतो.

नोकरी सोडत नाही. यंदाच्या खरेदीत पंधरा दिवस रजा घेऊन केंद्रावर बसणार आहे. कुणाची नोंदणी कुठे अडली, चुकारा किती दिवसांनी आला, याची वही करायची आहे. ज्यांना वेळ आहे त्यांनी जेवणाच्या सुट्टीत भेटा. एकट्याने होणारं काम नाही ते.