खोकड आणि आपलं खुराडं

नांदगावच्या माळावर राहणारीला खोकड दाखवायला नको. मांजरापेक्षा थोडं मोठं, झुपकेदार शेपूट, टोक काळं. अंड्यांचे पैसे आपल्या हातातले, म्हणून एक तलंग गेली तरी जीव कळवळतो.

काही जणी मेलेल्या कोंबडीत औषध भरून ठेवायचं म्हणतात. नका ठेवू. ते खाऊन खोकड मरेलच असं नाही, पण मरू शकतं. आणि आपलं कुत्रंही मरू शकतं. शिवाय १९७२च्या वन्यजीव कायद्यानं त्याला मारणं गुन्हा आहे. आणि खरं सांगू? शेतातले उंदीरही तेच खातं.

आधी चोर ओळखा. भरदिवसा पिल्लू गेलं तर बहुधा मुंगूस. खोकड येतं दिवेलागणीनंतर किंवा पहाटे, आणि कुडाखालची माती उकरून. म्हणून नुसती उभी जाळी पुरत नाही. हातभर जाळी बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी पसरा, वर दगड रचा. दगडांना आपल्याकडे काय तोटा! ते कुडालगतच उकरतं, नख्या जाळीला लागतात, मागं सरून उकरायचं सहसा त्याला सुचत नाही. जाळी जाड तारेची, अर्ध्या इंचाची घ्या, म्हणजे मुंगूसही अडतं.

बाभळीवर बसणाऱ्या कोंबड्यांना रोज दिवस मावळायच्या आत खुराड्यातच मूठभर बाजरी टाका, सवय लागते. मेलेलं पिल्लू, पिसं, आतडी उकिरड्यावर नकोत, खोल पुरा.

खोकड विहिरीत पडलेलं दिसलं, तर वनविभागाचा नंबर १९२६.