संस्थेचे सामर्थ्य आणि लाभाचा ओघ
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मी जन्मभर शाळामास्तर. मोठ्या उद्योगांच्या घडणीचा विचार करणाऱ्या ‘एंटरप्राइझ आर्किटेक्चर’ या शास्त्राची ओळख मला पुतण्यामुळे झाली. जॉन झॅकमन यांचा १९८७ सालचा लेख हा या शास्त्राचा एक पाया मानला जातो. या शास्त्रातील दोन विचार आपल्या संस्थेसही उपयोगी आहेत.

पहिला ‘कपॅबिलिटी’चा, म्हणजे कार्यसामर्थ्याचा. संस्थेला काय करता येते, एवढेच येथे नोंदवावयाचे. ते कोण करतो व कसे करतो, हा प्रश्न निराळा. चिटणीस बदलतात, वहीच्या जागी संगणक येतो. पण अर्जाची पारख करणे, द्रव्य अदा करणे ही सामर्थ्ये लागतातच. दुसरा ‘व्हॅल्यू स्ट्रीम’चा, म्हणजे मूल्यप्रवाहाचा. गरज उत्पन्न झाल्यापासून ती भागेपर्यंतच्या पायऱ्या घेणाऱ्याच्या दृष्टीने मांडावयाच्या. प्रत्येक पायरीखाली तिला लागणारी सामर्थ्ये लिहिली, की उणे कोठे आहे ते आपोआप दिसते.

आपल्या शिष्यवृत्तीचेच पाहा. दोन वर्षांपूर्वी एका पितृहीन मुलीला तंत्रनिकेतनात प्रवेश मिळाला. तिचा अर्ज जुलैत आला. धनादेश मिळाला नवरात्रात. तोवर आईने पाटल्या गहाण ठेवून फी भरली होती. छाननी समितीत मी होतो. आम्ही आमचे काम आठ दिवसांत उरकले, याचा मला अभिमानच वाटत होता! कोषाध्यक्षांचा हिशेबही चोख होता. दोष कोणाचा, यावर सभेत वाद झाला आणि तो तेथेच विरला.

पुढे मी कागदावर पायऱ्या मांडल्या : माहिती, अर्ज, छाननी, मंजुरी, रक्कम हाती पडणे. छाननी आणि मंजुरी यांच्यामध्ये ओघ अडला होता. कारण कार्यकारिणीची बैठक तीन महिन्यांतून एकदा. निकडीच्या वेळी निर्णय घेण्याचे सामर्थ्यच आपल्यापाशी नव्हते. अधिक देणग्यांनी किंवा नव्या संगणकाने ते आले नसते.

सबब माझी नम्र सूचना अशी की, प्रवेशाच्या दिवसांत तिघा सभासदांना ठरावीक रकमेपर्यंत मंजुरीचा अधिकार द्यावा. आणि वार्षिक अहवालात अर्ज आल्याची व रक्कम पोचल्याची तारीख शेजारी शेजारी छापावी.

त्या माउलीने पाटल्या सोडविल्या. पुढच्या माउलीवर त्या उतरविण्याची पाळी येऊ नये, एवढे आपल्या हाती आहे.